काळ्यावर काळं
मुंबईतल्या चारकोपमधल्या छोट्या हाउसिंग सोसायट्यांसाठी मी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी. सोसायटीच्या ऑफिसात विंडोज, अकाउंटंटकडे उबुंटू, खजिनदारांच्या घरी मॅक. प्रोग्राम एकच, पण तो तिन्हीकडे तिथलाच वाटला पाहिजे.

त्यासाठी प्रोग्रामचा पडदा उभारणारी तयार टूलकिट असतात. त्यातली काही बटणं, याद्या, चौकटी ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच मागून घेतात. एडिनबर्ग विद्यापीठात 1992 मध्ये सुरू झालेलं डब्ल्यूएक्सविजेट्स हे त्यातलं. गूगलचं फ्लटर सगळं स्वतः रंगवतं. क्यूटी रंगवतं स्वतःच, पण इथली बटणं कशी दिसतात हे आधी सिस्टीमला विचारतं. मला हीच रीत पटते.

कारण सिस्टीमची थीम, म्हणजे तिथले ठरलेले रंग आणि रूप, ही नुसती सजावट नाही. माझ्या ओळखीचे एक सेक्रेटरी सत्तरीतले आहेत, मोतीबिंदूमुळे त्यांना अंधुक दिसतं. त्यांनी विंडोजवर हाय कॉन्ट्रास्ट लावला: काळा पडदा, पांढरी ठळक अक्षरं. मग त्यांचा फोन आला, "अरे, थकबाकीचा रकाना गेला कुठे?" रकाना जागेवरच होता. ते वापरत असलेल्या जुन्या प्रोग्राममध्ये अक्षरांचा रंग काळा असा कायमचा ठरवलेला होता, मागचा रंग मात्र सिस्टीमकडून येत होता. काळ्यावर काळं. म्हणून प्रोग्राम लिहिताना एकतर दोन्ही रंग सिस्टीमकडून घ्यावेत, नाहीतर दोन्ही आपण द्यावेत. मॅकवर 2018 मध्ये आणि अँड्रॉइड 10 व आयओएस 13 बरोबर 2019 मध्ये डार्क मोड आला, तेव्हापासून ही चूक धडधाकट डोळ्यांनाही जाणवू लागली.

मराठीत आणखी एक अडचण आहे. बटणाची उंची रोमन अक्षरं धरून पिक्सेलमध्ये पक्की केली, की 'पूर्वीची बाकी'चा रफार वरून कापला जातो आणि ऊकार खालून. विंडोजवर वर्षानुवर्षं मंगल हा फॉन्ट होता. तो आपल्या उपनगरातलाच म्हणायचा, कारण तो घडवणारे र. कृ. जोशी जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत काम करत. पुढे विंडोजवर निर्मला आला, मॅकवर कोहिनूर असतो. प्रत्येकाची उंची वेगळी. तेव्हा आकडा गृहीत न धरता, समोर असलेल्या फॉन्टची उंची मोजून बटण आखावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर मराठी कापली जाते.

सोसायटीसाठी सॉफ्टवेअर घेणार असाल तर एवढं करा. विंडोजवर डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबा, विचारल्यावर होकार द्या. हाय कॉन्ट्रास्ट सुरू होईल. मग प्रोग्राम उघडून थकबाकीचा तक्ता वाचा. एकही रकाना दिसेनासा झाला, तर तो दुरुस्त होईपर्यंत पैसे देऊ नका.