दिसत नाय काय?

मैत्रिणींनो, नवी गाडी दारात आली की आपण काय करतो? ओवाळतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि शेजारीपाजारी पेढे वाटतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरीही हे सगळं साग्रसंगीत झालं. गाडी चांगली उंच, सात माणसांची. रंग मुलांनी पसंत केला, इंजिन ह्यांनी. सासूबाईंनी मागच्या सीटवर मांडी घालून बघितली आणि ‘ऐसपैस आहे हो’ असा शेरा दिला. आणि मी? मी सीटकव्हरं निवडली!

आता गंमत बघा. ह्यांना रोज कारखान्याची बस न्यायला येते. मग गाडी चालवतं कोण? मीच. आठवड्यातून तीन दिवस शाळा, मुलांचा कर्जतचा क्लास, सासूबाईंचा दवाखाना, घरचा बाजार. पण घेण्याआधी चालकाच्या सीटवर बसून ‘मला इथून काय दिसतं?’ हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. तो विचारला दुसरीनेच, आणि तोही भर रस्त्यात.

आमच्या चौकचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल. माथेरानच्या डोंगरावरून एकदा उतरला की समोरचा इर्शाळगड चार-चार दिवस दर्शन देत नाही. जुलैतली अशीच एक दुपार होती. शाळा सुटली होती, गाडीत दोन मुलं, तीन ओल्या छत्र्या. काचेवर आतून वाफ धरलेली. मी एका हाताने फडकं फिरवत होते. फाट्याशी आले, दोन्हीकडे पाहिलं, उजवीकडे वळायला गाडी काढली, आणि एकदम समोर एक बाई! डोक्यावर भाताच्या रोपांच्या मुठी, मागे पदर धरून सातआठ वर्षांची मुलगी. कशी ती, पण ब्रेकवर पाय पडला. बाईंनी बॉनेटवर थाडकन हात मारला आणि म्हणाल्या, “ओ ताई, दिसत नाय काय?”

खरं सांगू? नव्हतं दिसत. पण हे उत्तर मी कुणाला देणार? घरी येऊन चहा केला, तोही मला धड पिववेना. मुलीचा तो पदर धरलेला हात डोळ्यांपुढून हलेना.

रात्री ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “होईल गं सवय.” दुरुस्तीच्या ठिकाणी गेले तर तिथला माणूस माझ्या मागे बघत म्हणाला, “साहेब नाही आले?” आणि मग, “पावसात सगळ्या गाड्यांचं असंच असतं, मॅडम.” दोनदा हेच ऐकून परतले. तिसऱ्यांदा मात्र ठरवलं, आधी आपण समजून घ्यायचं आणि मग बोलायचं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

काचेवरची वाफ : आतली की बाहेरची?

हे कोडं स्वयंपाकघरातच सुटतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं ना? आत दमट हवा, बाहेरून गार काच. तसंच आपले श्वास आणि ओल्या छत्र्या मिळून काच आतून धुरकट करतात. अशा वेळी एसी चालू ठेवावा, कारण तो हवा गार करताना तिच्यातलं पाणीही काढून घेतो. वाऱ्याचा झोत समोरच्या काचेवर सोडावा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण लावावं. आतलीच हवा फिरवत राहिलात तर वाफ हटता हटत नाही.

उलट, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. एसी फार गार केला की काचेचंही तेच होतं. ही वाफ फडक्याने जात नाही, कारण ती बाहेरून असते. वायपर फिरवावा, गारवा कमी करावा आणि झोत काचेवरून हटवावा. ओळखायचं कसं? आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर आतली, नाही उमटली तर बाहेरची.

मी हे सगळं करूनही आमची काच सुटत नव्हती. म्हणजे दोष गाडीतच होता. तिसऱ्या खेपेला मी काचेचं मोबाइलवर चित्रीकरण करून नेलं आणि ‘बाहेरची हवा लावूनही वाफ जात नाही’ हे वाक्य तक्रारीच्या कागदावर माझ्यासमोर लिहून घेतलं. डॅशबोर्ड उघडला, तेव्हा बाहेरची हवा आत सोडणारी झडपच अडकलेली निघाली! बटण दाबलं की दिवा लागे, पण झडप हलत नसे. वॉरंटीत बदलून मिळाली. ‘सगळ्या गाड्यांचं असंच असतं’ म्हणणाऱ्यांनी मग माझ्याकडे बघायचं टाळलं.

खांबामागे हरवलेली माणसं

पण त्या मायलेकी काही नुसत्या वाफेत हरवल्या नव्हत्या. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छप्पर तोलणारे खांब असतात. गाडी उलटली तरी छप्पर खचू नये म्हणून हल्लीच्या गाड्यांत ते जाड करतात. हे आपल्याच जिवासाठी. पण आपल्या दोन डोळ्यांत अंतर असतं सुमारे सहा-साडेसहा सेंटिमीटर. खांब त्याहून रुंद दिसत असेल, तर त्यामागे एक पट्टी अशी उरते की ती कुठल्याच डोळ्याला दिसत नाही. आणि ही पट्टी लांब जावी तशी रुंदच होत जाते. एक डोळा मिटून दुसऱ्यापुढे अंगठा धरलात तर अख्खा इर्शाळगड झाकतो, तसंच हे. स्कूटर काय, बैलगाडीसुद्धा त्यात मावते.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवा खांब डोळ्याला सर्वांत जवळ. साहजिकच उजवीकडे वळताना धोका जास्त. त्यात आपली गाडी पुढे सरकते आणि माणूसही चालत असतो. दोघांचा वेग जुळला की तो खांबाआडून बाहेर येतच नाही.

याला दुरुस्ती नाही, ही घडणच आहे. उपाय आपल्या कमरेत आहे. वळण्यापूर्वी एकदा पुढे वाकायचं, एकदा मागे रेलायचं, आणि मगच गाडी काढायची. आमची मुलं म्हणतात, “आई गाडीत डुलते!” डुलू दे.

माझी उंची जेमतेम पाच फूट. सीट वर उचलायची कळ आमच्या गाडीत पहिल्यापासून होती, पण ती मला कुणी दाखवलीच नव्हती. सीट वर घेतली आणि बॉनेटपुढचा बराचसा रस्ता नव्याने दिसू लागला.

मागे कोण आहे?

उंच गाडीचा मोठा धोका मागे असतो. एका रविवारी इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून आम्ही घरच्या घरी प्रयोग केला. चालकाच्या सीटवर मी, मागे चार वर्षांचा भाचा, त्याचा हात धरून हे. भाचा एकेक पाऊल मागे जात होता आणि मी आरशात बघत होते. आठव्या पावलाला त्याचं टोपरं दिसलं! ह्यांचा चेहरा उतरला. मग स्वतः सीटवर बसून त्यांनी पुन्हा मोजलं. ‘सवय होईल’ हे वाक्य त्यानंतर घरात ऐकू आलेलं नाही.

अमेरिकेत 2002 साली बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका वडिलांची गाडी मागे घेताना त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा तिच्याखाली सापडून गेला. त्या बाळाच्या नावाने पुढे कायदा झाला आणि मे 2018 पासून तिथल्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागे अडथळा आला की सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक आहे. पण चिखलाने माखलेला कॅमेरा काय दाखवणार? निघण्यापूर्वी गाडीला एक फेरी घाला आणि भिंग पुसा. अंगणातली मुलं कुठे आहेत ते नावानिशी मोजा.

आपली आपण करायची कामं

• वायपरचं रबर उन्हात कडक होतं. मृगाच्या आधी तपासा. पाण्याची पट्टी राहत असेल तर बदला. कोरड्या धुळीवर वायपर कधी फिरवू नका, काचेला चरे पडतात.

• काच आतूनही साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. आत चिकट थर साचतो आणि रात्री समोरच्या दिव्यांनी सगळी काच चमकते.

• बाप्पाची मूर्ती छोटी असावी, नजरेच्या आड येईल अशी नको. आरशाला माळा, बाहुल्या टांगू नयेत.

• गडद काचांचा मोह नको. 1989 च्या नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे.

तक्रार लिहूनच द्या

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. दुरुस्तीला गाडी दिली की तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, प्रत मागा, तारखेसह जपून ठेवा. दाद लागली नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपल्या रायगडचा अलिबागला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. शिवाय 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. ठरावीक प्रमाणात मालकांनी एकच धोकादायक दोष कळवला, तर सरकार त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. म्हणजे तुमची एक तक्रार मोजली जाते, बरं का!

आणि ‘बायकांना गाडीतलं काय कळतं’ असं कुणी म्हणालंच, तर सांगा : काच पुसणाऱ्या वायपरचं अमेरिकेतलं पेटंट 1903 साली मेरी अँडरसन नावाच्या बाईने घेतलं. बर्फाळ दिवशी ट्रामचा चालक काच उघडून गारठत गाडी हाकतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला युक्ती सुचली.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी घ्यायला जाल तेव्हा सीटकव्हरांकडे नंतर वळा. आधी चालकाच्या सीटवर बसा, सीट आपल्या उंचीला लावून घ्या, मुलाला गाडीभोवती फिरवा आणि तो कुठे कुठे दिसेनासा होतो ते बघा. त्या बाईंचा प्रश्न रस्त्यात कुणी विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारलेला बरा.