ऑफिसची पाटी, घरची पाटी

मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतेच, "डॉक्टर, ऑफिसचे काम होईल आणि घरच्यांनाही वापरता येईल, असा टॅब्लेट कोणता घ्यावा?" मी कंपनीचे नाव सांगण्याआधी उलट विचारतो, "तो दिवसभरात कोणाकोणाच्या हातात असणार?"

आमच्या घरचेच उदाहरण घ्या. सकाळी लुसैलहून दोह्याला जाताना मेट्रोत मी टॅब्लेटवर अहवाल वाचतो, संध्याकाळी मुलगी मराठीचा धडा गिरवते आणि शुक्रवारी सगळे मिळून चित्रपट पाहतो. अँड्रॉइडच्या अनेक टॅब्लेटवर घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते उघडता येते. आयपॅडवर घरगुती वापरासाठी तशी सोय नाही.

खरी मेख ऑफिसच्या मेलमध्ये आहे. मेल हवी असेल तर बऱ्याच कंपन्या यंत्राची नोंदणी करायला सांगतात. संपूर्ण यंत्र कंपनीच्या ताब्यात गेले, तर नोकरी सुटताना तिला दुरूनच सारे पुसता येते. मग मुलांचे फोटोही गेले! आखातात नोकऱ्या बदलतात, तेव्हा ही भीती पोकळ नव्हे. अँड्रॉइडच्या 'वर्क प्रोफाइल'मध्ये कामाचा कप्पा वेगळा राहतो आणि पुसायचा तर तेवढाच पुसला जातो. आयपॅडवरही अशी मर्यादित नोंदणी होऊ शकते. आपल्याकडे कोणती होणार, हे संमती देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

स्वस्ताईचा धडा 'आकाश'ने दिला आहे. २०११च्या ऑक्टोबरात भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेल्या या ७ इंची टॅब्लेटचा पडदा दाबून चालवावा लागे आणि मेमरी अवघी २५६ एमबी होती. मुंबईच्या आयआयटीच्या सहभागातून २०१२मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत हलक्या स्पर्शाचा पडदा आणि दुप्पट मेमरी द्यावी लागली. तात्पर्य, पैसे वाचवायचे तर कॅमेऱ्यात वाचवा, पडद्यात आणि मेमरीत नको. माझ्या मते आज ८ जीबी मेमरी आणि १२८ जीबी साठवण हा किमान पल्ला समजावा. सुरक्षेची अपडेट किती वर्षे मिळणार, हेही विचारावे.

इथल्या उन्हाचाही हिशेब हवा. अॅपलने आयपॅड वापरण्यासाठी ३५ अंशांची मर्यादा सांगितली आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडी तर भट्टीच! तेव्हा टॅब्लेट गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नये.

दुकानात गेलात की ऑफिसची एक मोठी फाइल उघडा, शेजारी दुसरी खिडकी लावा आणि मराठीत चार ओळी टाइप करून पाहा. बोटे अडखळली, तर सोबतच्या कीबोर्डचीही किंमत विचारा. दिवसाचे चार-पाच तास टंकलेखनच करायचे असेल, तर मात्र मित्रहो, सरळ लॅपटॉप घ्या आणि घरासाठी साधा टॅब्लेट वेगळा ठेवा.