जुन्या तिजोरीतील काडतूस

रोह्याच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या पेढीची कल्पना करावी. आजोबांनी रोख रकमेच्या रक्षणासाठी रीतसर परवाना काढून बंदूक घेतली होती. आजोबा गेले आणि परवान्याची मुदतही संपली. बंदूक माळ्यावर आणि चार काडतुसे तिजोरीच्या खणात तशीच राहिली. कोणाच्याही मनात पाप नाही. परंतु उद्या झडती झाली, तर नातवावर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे दोन ते पाच वर्षांचा कारावास व दंड आहे.

अशा प्रसंगी बचावाचा पाया एकाच शब्दावर उभा राहतो, तो म्हणजे ‘ताबा’. वस्तू घरात सापडली एवढ्याने ताबा सिद्ध होत नाही. ती तेथे असल्याची जाणीवही असावी लागते. हे तत्त्व ज्या खटल्यात ठळकपणे मांडले गेले, त्याची पार्श्वभूमी रायगडकरांच्या परिचयाची आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांपूर्वी स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. त्या प्रकरणातील एक आरोपी अभिनेता संजय दत्त यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ मध्ये निर्णय दिला. ‘टाडा’सारख्या कठोर कायद्यातही ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, आणि शस्त्राचा दहशतवादाशी संबंध नव्हता हे दाखवण्याची संधी आरोपीला आहे, असे पीठाने सांगितले. पुढे २००६ मध्ये विशेष न्यायालयाने दत्त यांना ‘टाडा’च्या आरोपांतून मुक्त केले, परंतु शस्त्र अधिनियमाखाली ते दोषी ठरले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा कमी करत पाच वर्षांची केली. अजाणत्याला तारणारे तत्त्व जाणत्याला तारत नाही.

याची दुसरी बाजूही व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निर्णयानुसार, शस्त्र दुसऱ्याच्या हाती असले तरी त्यावर आपले नियंत्रण असेल, तर ताबा आपलाच मानला जातो. म्हणून बंदूक मुनिमाच्या घरी नेऊन ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने आणखी एक कुटुंब अडचणीत येते.

खरा उपाय सोपा आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमानुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, पोच घ्यावी आणि ती खरेदीखतासारखी जपावी. हवे असल्यास स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. नको असल्यास शस्त्राची रीतसर विल्हेवाट लावावी. नको असलेले शस्त्र जपून ठेवणे हाही परिग्रहच.

तरीही अटकेचा प्रसंग आलाच, तर घाबरून मोघम कबुली देऊ नये. अटकेची कारणे जाणून घेण्याचा व वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. विनापरवाना शस्त्राच्या खटल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती होती का, हे वकील प्रथम पाहतो. कोठडीतील व्यक्तीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. रायगडसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागेस आहे.

‘शस्त्र बाळगणाऱ्याची बाजू कशाला मांडायची?’ असा प्रश्न अहिंसेला मानणाऱ्या घरात उठणे स्वाभाविक आहे. मुंबई हल्ल्यातील अजमल कसाबलाही न्यायालयाने वकील दिला. त्याच्या अपिलाचा निर्णय देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आरोपीला प्रथम हजर केले जाते त्याच वेळी वकिलाच्या हक्काची माहिती देणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्यांची बाजू कोणी मांडलीच नसती, तर ते कसे सुटले असते? दुसरी बाजू ऐकल्याविना सत्य पूर्ण होत नाही, ही शिकवण आपल्याला नवी नाही. या दिवाळीत तिजोरी पुसताना तिचा तळाचा खणही उघडून पाहावा.