ख्रिस्ती धर्मछळ, रोमन साम्राज्यातील

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांत त्याच्या अनुयायांना रोमन सत्तेकडून व समाजाकडून जो विरोध आणि छळ सोसावा लागला, त्याला स्थूलमानाने ही संज्ञा लावतात. हा छळ अखंड व सर्वत्र सारखाच चालू होता, अशी समजूत परंपरेने रूढ झाली आहे. परंतु उपलब्ध साधनांवरून तो दीर्घकाळ स्थानिक स्वरूपाचा व मधूनमधून उद्‌भवणारा होता, असे दिसते. साम्राज्यव्यापी छळाची वर्षे सगळी मिळून पंधराच्या आसपासच भरतात. तथापि चर्चची संघटना, हुतात्म्यांविषयीची भक्ती व प्रायश्चित्ताचे नियम यांना त्याने कायमचे वळण लावले.

प्रारंभीचा संघर्ष : पहिले ख्रिस्ती हे स्वतः ज्यूच होते, त्यामुळे आरंभीचा विरोध हा ज्यू समाजांतर्गत वाद होता. बायबलच्या ‘नव्या करारा’तील वृत्तांतानुसार स्टीफनला जेरूसलेम येथे दगडांनी ठेचून मारण्यात आले आणि झेबेदीचा मुलगा जेम्स याला पहिला हेरॉड अग्रिपा (कार. ४१–४४) याने तलवारीने मारविले. या छळात पुढाकार घेणारा सौल हाच पुढे पॉल या नावाने ख्रिस्ती धर्माचा प्रमुख प्रसारक झाला. रोमन अधिकारी या वादाकडे प्रथम तटस्थपणे पाहत. कॉरिंथ येथे पॉलविरुद्ध आलेली फिर्याद प्रांताधिपती गॅलिओ याने, हा तुमच्या धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, असे सांगून फेटाळली.

विरोधाची कारणे : रोमन धर्म हा व्यक्तिगत श्रद्धेपेक्षा सार्वजनिक कर्तव्याचा भाग होता. देवतांना बली अर्पण केल्याने राज्याचे रक्षण होते, अशी धारणा असल्याने त्यात सहभागी न होणारा मनुष्य राज्याचा अहितचिंतक ठरे. ज्यू लोकांचा एकेश्वरवाद त्यांच्या पूर्वजांपासून चालत आलेला म्हणून रोमनांनी सहन केला. ख्रिस्ती लोकांनी मात्र पूर्वजांचे आचार टाकून नवा पंथ धरलेला होता. देवतामूर्ती न मानल्यामुळे त्यांना ‘नास्तिक’ म्हणत. ख्रिस्ताचे शरीर व रक्त यांच्या प्रतीकांचे सेवन आणि एकमेकांस बंधुभगिनी म्हणण्याची चाल यांवरून नरमांसभक्षण व अगम्यगमन यांचे आरोप पसरले. पूर, दुष्काळ, रोगराई अशा प्रत्येक आपत्तीचे खापर ख्रिस्ती लोकांवर फोडले जाते, अशी तक्रार टर्टलिअनने केली आहे. आर्थिक हितसंबंधही गुंतलेले होते. एफेसस येथील देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचे कारागीर पॉलविरुद्ध उठले, ते धंदा बुडेल या भीतीने. वैचारिक पातळीवर सेल्ससने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात या धर्माची कठोर चिकित्सा केली. तिला ऑरिजेनने सु. २४८ मध्ये सविस्तर उत्तर दिले.

स्थानिक छळाचा काळ (६४–२४९) : ६४ साली रोम शहराला मोठी आग लागली. तिचा संशय स्वतःवरून दूर करण्यासाठी नीरोने ख्रिस्ती लोकांना दोषी ठरवून त्यांना जाळले व श्वापदांकडून फाडविले, असे टॅसिटसने सु. पन्नास वर्षांनंतर लिहिले आहे. या वृत्तांताच्या तपशिलांविषयी काही अलीकडच्या संशोधकांनी शंका घेतली असली, तरी बहुतेक इतिहासकार तो ग्राह्य मानतात. पीटर व पॉल नीरोच्या काळात रोममध्ये हुतात्मे झाले, अशी परंपरा आहे.

कायद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा पुरावा म्हणजे बिथिनिआ व पाँटस या प्रांताचा अधिपती धाकटा प्लिनी याचा सम्राट ट्रेजनशी सु. ११२ मध्ये झालेला पत्रव्यवहार होय. आरोपीस आपण ख्रिस्ती आहेस का, असे तीनदा विचारून, तो ठाम राहिल्यास त्याला देहदंड द्यावा, असा प्लिनीचा क्रम होता. दोन दासींना यातना देऊन चौकशी केली असता अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही आढळले नाही, असेही त्याने कळविले. ख्रिस्ती लोकांचा शोध घेऊ नये. आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा करावी. जो देवतांची पूजा करील त्याला क्षमा करावी आणि निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, असे ट्रेजनने उत्तर दिले. गुन्हेगार मानायचे, पण शोधायचे नाही, या धोरणातील विसंगतीवर टर्टलिअनने पुढे बोट ठेवले. ह्या धोरणामुळे ख्रिस्ती लोकांची सुरक्षितता शेजाऱ्यांच्या सद्‌भावावर व अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिली.

या काळातील प्रसिद्ध हुतात्म्यांत स्मर्नाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प (सु. १५५) व रोममधील तत्त्वचिंतक जस्टिन (सु. १६५) हे येतात. १७७ मध्ये गॉलमधील ल्याँ येथे जमावाच्या प्रक्षोभातून छळ उसळला. त्यात नव्वदी ओलांडलेला बिशप पोथायनस तुरुंगात मरण पावला, तर ब्लँडिना या दासीने अखेरपर्यंत यातना सोसल्या. कार्थेज येथे २०३ मध्ये पर्पेच्युआ ही कुलीन तरुण माता व फेलिसिटी ही दासी यांना श्वापदांपुढे टाकण्यात आले. पर्पेच्युआची कारागृहातील आत्मकथनपर टिपणे म्हणजे प्राचीन ख्रिस्ती स्त्रीच्या हातच्या लेखनाचा अत्यंत दुर्मिळ नमुना होय.

छळाचा आध्यात्मिक अर्थ : ख्रिस्ती लोकांनी या संकटाकडे केवळ राजकीय आपत्ती म्हणून पाहिले नाही. रोमन देवता म्हणजे माणसांना भुलविणाऱ्या दुष्ट शक्ती होत, असे जस्टिनने प्रतिपादिले. रिंगणातील झुंज श्वापदांशी नसून सैतानाशी आहे, असा अर्थ पर्पेच्युआने आपल्या स्वप्नाचा लावला. हुतात्म्यासाठी वापरला जाणारा ‘मार्टिस’ हा ग्रीक शब्द मुळात साक्षीदार या अर्थाचा आहे. मराठी ख्रिस्ती लेखनातील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द हाच मूळ आशय व्यक्त करतो. मात्र मरण ओढवून घेणे हे चर्चला मान्य नव्हते. पॉलिकार्पच्या मृत्यूच्या वृत्तांतातच, स्वतःहून पुढे आलेला क्विंटस ऐन वेळी श्वापदांना पाहून भ्याला व त्याने बली दिला, हे सांगून तसे करण्याविरुद्ध इशारा दिला आहे.

साम्राज्यव्यापी छळ (२४९–३१३) : तिसऱ्या शतकात परचक्रे व अंतर्गत बंडाळी यांनी साम्राज्य खिळखिळे झाले. देवतांचा कोप शांत करण्यासाठी सम्राट डीशसने (कार. २४९–२५१) सर्व प्रजाजनांनी बली अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान काढले. ईजिप्तमध्ये असे चाळीसांहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. व्हालेरिअनने (कार. २५३–२६०) धर्माधिकाऱ्यांना व प्रतिष्ठित ख्रिस्ती व्यक्तींना लक्ष्य केले, रोमचा बिशप दुसरा सिक्स्टस व कार्थेजचा बिशप सिप्रिअन यांचा २५८ मध्ये वध झाला. त्यानंतर गॅलिईनसने ही फर्माने रद्द केल्यामुळे चर्चला सु. चाळीस वर्षे शांतता लाभली.

शेवटचा व सर्वांत तीव्र छळ डायोक्लीशनच्या कारकीर्दीत २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमीडिया येथील चर्च पाडून सुरू झाला. चर्चवास्तू पाडणे, धर्मग्रंथ जाळणे, प्रतिष्ठितांचे हक्क काढून घेणे, धर्माधिकाऱ्यांना कैद करणे व अखेर सर्वांवर बलिदानाची सक्ती, असे त्याचे टप्पे होते. पश्चिमेकडे त्याची अंमलबजावणी सौम्य झाली. पूर्वेकडे मात्र तो दीर्घकाळ चालला. गलीरिअसने ३११ मध्ये मृत्युशय्येवर धोरणाचे अपयश मान्य करून सहिष्णुतेचे फर्मान काढले. ३१३ मध्ये मिलान येथे कॉन्स्टंटीन व लिसिनिअस यांच्यात झालेल्या समझोत्यानुसार सर्वांना धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि चर्चची जप्त मालमत्ता परत करण्यात आली.

पतितांचा प्रश्न : छळापुढे सर्वच टिकले नाहीत. डीशसच्या फर्मानानंतर कित्येकांनी बली दिला, काहींनी धूप जाळला, तर काहींनी लाच देऊन खोटे दाखले मिळविले. छळ ओसरल्यावर अशा ‘पतितां’ना पुन्हा चर्चमध्ये घ्यावे काय, हा प्रश्न उभा राहिला. दोषाचे तारतम्य पाहून व प्रायश्चित्त देऊन घ्यावे, असा निर्णय सिप्रिअनच्या पुढाकाराने २५१ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने घेतला. चर्चला असा समेट करण्याचा अधिकारच नाही, असे मानणाऱ्या रोममधील नोव्हेशनने स्वतंत्र पंथ स्थापिला. धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या बिशपांनी केलेले संस्कार वैध नाहीत, या मतातून ३११ नंतर उत्तर आफ्रिकेत डोनेटस पंथ निर्माण झाला. संस्काराची वैधता तो करणाऱ्याच्या पावित्र्यावर अवलंबून नसते, हा सिद्धांत सेंट ऑगस्टीनने मुख्यतः याच वादात विकसित केला.

मूल्यमापन : हुतात्म्यांच्या एकूण संख्येविषयी विद्वानांत एकमत नाही. यूसीबिअसच्या इतिहासग्रंथावरून हिशेब करून गिबनने शेवटच्या छळातील हुतात्म्यांची संख्या दोन हजारांहून कमी ठरविली. ती अनेकांना फार अल्प वाटते. धर्मछळांची परंपरागत ‘दहा’ ही संख्याही सांकेतिक असून तिला ईजिप्तवरील दहा आपत्तींच्या बायबलमधील कथेचा आधार देण्यात आला. हुतात्म्यांच्या रक्तानेच धर्म वाढला, या लोकप्रिय मताला मर्यादा आहेत. परस्परसाहाय्य, विधवा व आजारी यांची शुश्रूषा आणि शांततेच्या दीर्घ काळात झालेला प्रसार ही कारणेही तितकीच प्रभावी होती. श्रद्धा सक्तीने लादता येत नाही, हा युक्तिवाद टर्टलिअन व लॅक्टँशिअस यांनी याच काळात स्पष्टपणे मांडला. परंतु विजयी चर्चला त्याचे स्मरण फार काळ राहिले नाही. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म राज्यधर्म झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच, सु. ३८५ मध्ये, प्रिसिलिअन या ख्रिस्ती बिशपला ख्रिस्ती सम्राटाच्याच आज्ञेने देहदंड देण्यात आला. दंडाचे औपचारिक कारण जादूटोणा हे असले, तरी वादाचे मूळ पाखंडाच्या आरोपात होते.