कार्डावरील काचचित्रे

मुंबई विद्यापीठाच्या, १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्याच्या वास्तूत रंगीत काचचित्रांच्या खिडक्या आहेत. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून अशी चित्रे सिद्ध होतात. त्यांतील काळी रेघ केवळ शोभेची नसते. ती दोन तुकड्यांचा सांधा असते. रंग उजळतात ते मागून येणाऱ्या प्रकाशामुळे.

शाळेतील कलेच्या तासाला ठशाच्या शुभेच्छापत्रांवर हा परिणाम अल्प खर्चात साधता येतो. मोठ्या खोडरबरावर पानाफुलांच्या रेघा उंच ठेवून बाकीचा भाग कोरून काढावा. छपाईच्या तेलयुक्त काळ्या शाईने पांढऱ्या जाड कार्डावर ठसा उमटवावा व पूर्ण वाळू द्यावा. शिक्क्याच्या गादीची साधी शाई पाण्याने पसरते, म्हणून ती टाळावी. नंतर पाण्याने न पसरणाऱ्या शाईने, आकृतीपासून कार्डाच्या कडेपर्यंत रेषा ओढून पार्श्वभूमीचेही तुकडे पाडावेत. एवढे न केल्यास ते नुसते रंगविलेले चित्र राहते.

रंग भरताना बहुधा चूक होते ती दाट पोस्टर रंग वापरण्याची. ते कागद झाकून टाकतात. पातळ जलरंगातून मात्र कागदाचा पांढरेपणा प्रकाश परतवितो. खिडकीमागील सूर्याचे काम येथे कागदच करतो. एक तुकडा वाळल्यावरच त्याच्या शेजारचा रंगवावा.

हेच चित्र पातळ कागदावर काढून मागील बाजूस थोडे खोबरेल तेल चोळल्यास, तंतूंमधील हवेची जागा तेल घेते व कागद अर्धपारदर्शक होतो. वर्गाच्या खिडकीत ते लावावे; प्रकाशाचा हा धडा विद्यार्थी सहसा विसरणार नाहीत.