विश्लेषण : सळया वाहणाऱ्या ट्रेलरला कोणती फेरी मिळणार, हे कसे ठरते?

जालन्यात तयार झालेली सळई कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात किंवा पुण्यातल्या बांधकामावर पोहोचते, ती बहुधा उघड्या, सपाट ट्रेलरवरून. या ट्रेलरच्या चालकाला कोणती गाडी आणि कोणता मार्ग मिळतो, यावर त्याची कमाई, झोप आणि घरी जाण्याचे दिवस ठरतात. ही वाटणी कशी होते?

सपाट ट्रेलरच का लागतो?

या ट्रेलरला छप्पर नसते, बाजूच्या फळ्याही नसतात. त्यामुळे क्रेनने वरून किंवा बाजूने माल चढवता येतो. सळया, पाइप, पत्र्याची कॉइल, यंत्रे असा माल त्यावर जातो. मात्र माल धरून ठेवायला भिंती नसल्याने सगळी भिस्त साखळ्या, पट्टे आणि ते आवळणाऱ्या हातांवर असते.

माल गाडी कशी ठरवतो?

सळईची नेहमीची लांबी १२ मीटर. ती सरळ न्यायची तर ४० फुटी ट्रेलरच हवा. छोट्या ट्रकमध्ये सळई दुमडावी तरी लागते किंवा मागे बाहेर तरी राहते. पूर्वी नियमानुसार माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवता येत असे. रात्री मागून येणाऱ्या वाहनांच्या भीषण अपघातांनंतर १ मार्च २०१४ पासून ही सवलत बंद झाली. आता बाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड आहे.

कॉइलचे गणित वेगळे. तिचे सारे वजन थोड्या जागेत एकवटते. ती नीट बसवली, बांधली नसेल, तर घाटात अचानक ब्रेक लागताच थेट केबिनवर येऊ शकते. म्हणून कॉइलची फेरी अनुभवी चालकाला देणे शहाणपणाचे.

वजनाची मर्यादा ॲक्सलनुसार ठरते. जुलै २०१८ मध्ये ती वाढली. ट्रेलरसह एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली. त्यापुढे २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड. कायद्याने मालकाबरोबर गाडी चालवणाराही जबाबदार धरला जातो.

मार्ग कोण ठरवतो?

ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात गाडीचा नंबर लागतो आणि त्या क्रमाने माल मिळतो. पण खरा प्रश्न परतीच्या भाड्याचा असतो. जालन्याच्या भट्ट्यांना भंगार लागते आणि आयात भंगार न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरने येते. ट्रेलरला कंटेनर बसवण्याची लॉक असतील तर परतीचा माल मिळू शकतो. नसतील तर थांबा किंवा रिकामे परता.

डोलवीहून तळोजा, कळंबोलीसारख्या जवळच्या फेऱ्यांत घर जवळ राहते. पण माल भरण्या-उतरवण्याच्या रांगा आणि शहरातली अवजड वाहनांची प्रवेशबंदी यांतच दिवस जातो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून आमणेपर्यंत खुला झाला आणि जालना-मुंबई प्रवासातला कसारा घाट टाळता येऊ लागला. टोल मात्र मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे कोणत्या रस्त्याने जायचे हे बहुधा तोच सांगतो.

ई-वे बिलाचा काय संबंध?

ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. आकाराने अवाढव्य मालासाठी दर २० किलोमीटरमागे एक दिवस. जालना-कळंबोली अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन दिवस. वाटेत अडकल्यास मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते. गाडी बदलली तर नवा नंबर नोंदवावा लागतो.

एक गाडी, एक चालक की अदलाबदल?

कायमच्या चालकाला गाडीचे ब्रेक, टायर, आवाज सगळे ओळखीचे असते. पण तो गावी गेला की गाडी उभी आणि हप्ता चालूच. अदलाबदलीत गाडी धावत राहते. मात्र पट्टा तुटका किंवा टायर झिजलेला निघाला तर प्रत्येक जण आधीच्याकडे बोट दाखवतो. म्हणून चावी घेतानाच साखळ्या, पट्टे, टायर आणि कागद मोजून, पाहून घेणे चालकाच्या हिताचे.

चालकाच्या हाती काय राहते?

मोबदला फेरीवर असेल तर रांगेतले तास फुकट जातात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास अशी सर्वसाधारण मर्यादा घातली होती, पण फेरीवर पैसे मिळणारा माणूस तास मोजत बसत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. जुन्या गाडीवर नंबर लागलेल्याला मात्र उन्हाळा तसाच काढावा लागतो.

ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, चालकाचे नाव नसते. माल थांबला तर मालकाला हॉल्टिंग मिळू शकते. त्यातले चालकाला किती, हे बहुतेकदा तोंडी ठरते. ते फेरी स्वीकारण्याआधी ठरवून घेतलेले बरे, कारण माल भरून गाडी निघाली की घासाघीस करायला जागा उरत नाही.