अंगठ्याखाली कोणती बेस गिटार? : स्लॅपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोहिनी डे या मुंबईच्या बेसवादक तरुणीच्या चित्रफिती पाहिल्या, की अनेक मुलामुलींना स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारांवर मारून वाजवण्याची शैली, शिकावंसं वाटतं. मग दुकानात पहिला प्रश्न येतो : "यावर स्लॅप होतं का?" विक्रेता 'हो' म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. जिला तारा आणि फ्रेट आहेत अशा कोणत्याही बेस गिटारवर स्लॅप वाजतं. विचारायला हवं ते वेगळंच : या गिटारवर स्लॅप सहज वाजेल का, आणि वाजत नसेल तर नेमकं काय बदलावं लागेल? त्यासाठी आधी हा आवाज निघतो कसा ते पाहू.

नेक जिथे संपते तिथे अंगठ्याच्या सांध्याची कडेची बाजू जाड तारेवर आदळते. चावी फिरवताना मनगट जसं वळतं तसंच इथे वळतं, आणि अंगठा लगेच उसळून परत येतो. मार बसलेली तार शेवटच्या फ्रेटांवर आपटते. स्लॅपच्या जोडीने येणाऱ्या पॉपमध्ये उलट होतं. तर्जनीने किंवा मधल्या बोटाने पातळ तार वर ओढून सोडायची, म्हणजे ती परत येताना फ्रेटवर आपटते. स्लॅपचा तो खणखणीतपणा म्हणजे तार आणि फ्रेट यांची ही टक्कर. पिकअप, सर्किट, अ‍ॅम्प्लिफायर यांचं काम त्यानंतर सुरू होतं. खरेदी करताना मात्र आपण आधी सर्किट आणि लाकूड पाहतो आणि टकरीकडे शेवटी येतो, किंवा येतच नाही.

"स्लॅपसाठी खास बनवलेलीच गिटार लागते"

या शैलीचा जन्मच या समजुतीच्या विरोधात साक्ष देतो. लॅरी ग्रॅहॅम कॅलिफोर्नियात आई डेल ग्रॅहॅम यांच्यासोबत क्लबांमध्ये वाजवत असे. गिटार हे त्याचं मूळ वाद्य. खर्जाची बाजू तो ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर सांभाळायचा. ऑर्गन बिघडला तेव्हा त्याने तात्पुरती सोय म्हणून बेस गिटार भाड्याने आणली. पुढे साथीला ड्रमवादकही उरला नाही. मग बेस ड्रमचा ठोका तो अंगठ्याने देऊ लागला आणि स्नेअरचा चटका तार ओढून. ही सवय घेऊन तो 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या बँडमध्ये गेला. १९६९च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या 'थँक यू' या गाण्याने ती सगळ्या जगाच्या कानांवर घातली. स्लॅपसाठी म्हणून बनवलेली गिटार तेव्हा बाजारात नव्हतीच. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्सचे वादक उभ्या डबल बेसच्या तारा ओढून फिंगरबोर्डवर आपटत होते. खोलीभर लोकांना ऐकू जावं ही त्यांची गरज होती, आणि त्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर नव्हते.

आज आपण ज्याला 'स्लॅपचा टोन' म्हणतो तो मुख्यतः दोन गिटारींनी कानात बसवला. पहिली फेंडरची जॅझ बेस. ती बाजारात आली १९६० मध्ये, म्हणजे ग्रॅहॅमच्या त्या गाण्याच्याही आधी. स्लॅपसाठी ओळखले जाणारे बेसवादक मार्कस मिलर यांची गिटार १९७७ची जॅझ बेस आहे. न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर रॉजर सॅडोस्की यांनी तिच्यात प्रीअ‍ॅम्प बसवून दिला. दुसरी म्युझिक मॅनची स्टिंगरे. ती १९७६ मध्ये आली आणि बेसवादक लुई जॉन्सन यांच्या अंगठ्याने गाजली. जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल पिकअप, तर स्टिंगरेला ब्रिजच्या बाजूला एकच जाडजूड हंबकर पिकअप. दोघींचा आवाज डोळे मिटूनही वेगळा ओळखता येतो, आणि दोघींनाही 'स्लॅपसाठी आदर्श' म्हटलं जातं. एकच आदर्श असता तर असं झालं नसतं.

"प्रिसिजन बेसवर स्लॅप होत नाही"

ही समजूत फार पक्की रुजली आहे, पण तिच्यामागे थोडं तथ्यही आहे. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले, की तारेचं कंपन दोन ठिकाणी टिपलं जातं. दोन्ही संकेत एकत्र येताना मधल्या पट्ट्यातले काही स्वर परस्परांना कापतात. खर्ज आणि तीक्ष्णता वर येते, मधला भाग खाली बसतो. कानाला तो स्लॅपचा 'ओळखीचा' आवाज वाटतो. फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा एकच, दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मधला भाग राखून ठेवतो. त्यामुळे ठोका जाडसर आणि पॉप कमी चकचकीत येतो. हा कच्चेपणा नाही, वेगळा स्वभाव आहे. घरी एकट्याने वाजवताना जॅझ बेस जास्त सुंदर वाटते. पण ड्रम, दोन गिटारी आणि गायक उभे राहिले की प्रिसिजनचा ठोका ऐकू येत राहतो. मला हा गुण मोठा वाटतो.

याच कारणाने अ‍ॅम्पवर मधला टोन शून्यावर आणून बाकी सगळं वर चढवायची सवयही सोडलेली बरी. खोलीत भारदस्त वाटणारा तो आवाज मंचावर गायब होतो, कारण बेसचा नेमका स्वर ओळखू येतो तो मधल्या पट्ट्यामुळेच.

"अ‍ॅक्टिव्ह सर्किट नसेल तर पुढे बोलूच नका"

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे गिटारच्या आतच बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअ‍ॅम्प. बॅटरी बहुधा ९ व्होल्टची असते. तो खर्ज आणि तीक्ष्ण टोन वाढवू शकतो, आणि हात गिटारवरून न हलवता टोन बदलता येतो. ही सोय खरी आहे. पण हेच काम अ‍ॅम्पचे टोनही करतात, शिवाय बाहेर लावायचा प्रीअ‍ॅम्प नंतर कधीही घेता येतो. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायची, गिटार स्लॅपला कमी पडते असं मुळीच नाही. अ‍ॅक्टिव्ह घेतलीत तर एवढं लक्षात ठेवा : केबल जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. सराव संपला की केबल काढा, नाहीतर ऐन कार्यक्रमात आवाज फाटू लागतो.

"तारा जितक्या खाली, तितकं स्लॅप सोपं"

इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे, कारण पैसे न घालता सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

फ्रेटपासून तारेची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, जास्त असेल तर टक्कर व्हायला अंगठ्याला जोर लावावा लागतो. वेग मंदावतो आणि मनगट दुखू लागतं. म्हणून तारा थोड्या खाली हव्यात हे खरं. पण फारच खाली आणल्या तर तार मोकळी कंप पावू शकत नाही, स्वर उमटताच गुदमरतो आणि पॉपसाठी बोट तारेखाली शिरत नाही. बाराव्या फ्रेटवर जाड तार सुमारे २ मिलिमीटर आणि पातळ तार दीड मिलिमीटरच्या आसपास असेल तर सुरुवात चांगली होते. पुढचं हाताप्रमाणे ठरवा. नेकला अगदी हलकी वक्रताही लागते. ती नेकच्या आत असलेल्या ट्रस रॉडने जुळवतात. मुंबई, कोकण, गोव्यातल्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिऊन घेतं आणि ही वक्रता बदलते. मे महिन्यात मस्त वाजणारी गिटार जुलैत रुसली, तर ती विकायला काढण्याआधी कारागिराकडे न्या.

तारांचंही तसंच. गोल वेष्टनाच्या राउंडवाउंड तारा, त्यातही स्टेनलेस स्टीलच्या, सर्वांत खणखणीत. निकेलच्या थोड्या मऊ. सपाट वेष्टनाच्या फ्लॅटवाउंड तारांवर टक्कर होते, पण तिची चमक दबते. नेहमीचा संच ४५ ते १०५ जाडीचा (इंचाचे हजारांश) असतो. इंग्लंडच्या 'लेव्हल ४२'चे मार्क किंग मात्र ३० ते ९० अशा पातळ तारांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचा यंत्रासारखा वेगवान अंगठा आणि त्या तारा यांचं नातं उघड आहे. सगळ्यांनी तेच करावं असं नाही. पातळ तारा खर्जाला हलक्या पडतात. ४० ते १०० हा मधला मार्ग नवशिक्याला मानवतो. दमट हवेत आणि घामाने तारा लवकर मरतात. निस्तेज झालेल्या आवाजासाठी पिकअप बदलण्याआधी नवा संच लावून पाहा.

"२४ फ्रेट म्हणजे चार जास्त, म्हणजे चांगलंच"

या बाबीकडे फार कमी जण पाहतात, आणि स्लॅपसाठी ती फार महत्त्वाची आहे. ३४ इंच स्केलच्या गिटारवर विसाव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत सुमारे २७२ मिलिमीटर अंतर उरतं. चोविसाव्यापासून सुमारे २१६. म्हणजे फिंगरबोर्ड जवळजवळ साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो आणि पहिल्या पिकअपला जाऊन भिडतो. पॉप करणाऱ्या बोटाला तारेखाली शिरायला जागाच राहत नाही. ते फिंगरबोर्डवर किंवा पिकअपवर अडकतं. २४ फ्रेटच्या गिटारींवर अप्रतिम स्लॅप वाजवणारे वादक आहेत, पण त्यांनी हाताची ठेवण तशी घडवली आहे. शिकणाऱ्याला २० किंवा २१ फ्रेट आणि मध्ये मोकळी जागा असलेली गिटार जास्त मैत्रीची.

तारांमधलं अंतरही याच हिशेबात येतं. ब्रिजपाशी १९ मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर बोट सहज आत जातं. पाच तारांच्या अनेक गिटारींवर ते कमी असतं. शिवाय चौथ्या तारेच्या वर आणखी एक जाड तार आल्याने अंगठ्याची बाहेरची मोकळी बाजू जाते. आधी चार तारा शिका, पाचवी कुठे पळून जात नाही.

लाकडाविषयी थोडक्यात : मेपलचा फिंगरबोर्ड आणि अ‍ॅशचं शरीर असेल तरच स्लॅप चमकतं, असं सांगितलं जातं. चुंबकीय पिकअप तारेचं कंपन टिपतो, आणि तारा, फ्रेट, सेटअप (तारांची उंची आणि नेकची वक्रता जुळवणं) यांच्या पुढे लाकडाचा फरक लहान आहे. लाकूड वजनासाठी आणि डोळ्यांसाठी निवडा, स्लॅपसाठी जास्तीचे पैसे त्यात घालू नका. किमतीचंही तेच. नीट सेटअप केलेली साधी गिटार, सेटअप न केलेल्या महाग गिटारीपेक्षा स्लॅपला चांगली साथ देते.

दुकानात जाल तेव्हा अ‍ॅम्पचे सगळे टोन मध्यावर ठेवायला सांगा, म्हणजे गिटारचा स्वतःचा आवाज कळेल. बसून वाजवू नका. पट्टा गळ्यात अडकवून उभे राहा. नेक जड असलेली गिटार डाव्या हाताला ओझं देते, आणि ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अंगठा नेकच्या टोकाशी न अडखळता पोहोचतो का, बोट तारेखाली जातं का, ते पाहा. मग सर्वांत पातळ तारेवर बाराव्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेका फ्रेटवर पॉप करत जा. एखाद्या ठिकाणी स्वर टकदिशी मरत असेल तर तिथला फ्रेट उंचावला आहे किंवा नेक बिघडली आहे. सेटअप करून तिथल्या तिथे दाखवत असतील तर थांबा, नाहीतर ती भिंतीवर परत टांगा आणि शेजारची उतरवून घ्या.